सरांचा सूर

दादा हॉलच्या मधोमध आवाजाच्या मिक्सरसमोर बसला की त्याच्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती. माझी होती, पण मी धाकटी बहीण, त्यामुळे माझं बोलणं तो मोजतच नसे. विद्यापीठाच्या संगीत विभागात तो इलेक्ट्रॉनिक रचना शिकवायचा आणि मी त्याच विभागाच्या स्टुडिओत यंत्रं सांभाळायची. म्हणजे वायर तुटली, स्पीकर घुरघुरला, कोणी मिक्सरवर कॉफी सांडली की माझ्या नावाने शंख. लोकांना वाटायचं, भावाने बहिणीला चिकटवलं. खरं तर मी त्याच्या आधी लागले होते आणि जागा निघाल्याचं त्याला मीच कळवलं होतं, पण आता हे कोणाकोणाला सांगत बसा.

त्या वर्षी विभागाने महोत्सव ठरवला. यंत्रावर संगीत करणारे दोन्ही गट एका मांडवाखाली आणायचे, एकीकडे दादासारखे रचनाकार आणि दुसरीकडे डीजे, असा विभागप्रमुख बाईंचा बेत होता. बाई हिशेबी. डीजे बोलावले की पोरं येतील आणि आलीच आहेत तर चुकूनमाकून रचनाही ऐकतील, असं त्यांनी गणित मांडलं होतं. बोलावलेल्या डीजेंत दादाची मुलगी होती. लहानपणी एवढीशी होती म्हणून घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे, आणि तिने तेच नाव धंद्याला लावलं. ‘डीजे मुंगी’ असं ठसठशीत छापलेलं पोस्टर जिन्यात लागलं तेव्हा दादा त्याच्यासमोर बराच वेळ उभा होता.

“घरातलं नाव चव्हाट्यावर आणलं,” तो म्हणाला.

“मग काय, तिने तुझं नाव लावायचं होतं?”

“ते नको. दुसऱ्यांची गाणी एकापुढे एक लावायची, त्याला कशाला बापाचं नाव.”

बापलेकीचं हे असं. वहिनी होती तोवर दोघांमधले निरोप तिच्यामार्फत जायचे. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते वैतागत का होईना, केलं. मुंगी पहिल्यापासून कानात रबरी बोळे घालून काम करायची, मोठ्या आवाजाने कान जातात म्हणून. दादाला त्याचं फार हसू यायचं. संगीत लावणारी बाई आणि कानात बोळे, असं तो वर्गात सांगायचा आणि पोरं खिदळायची. स्वतः मात्र सगळा जन्म हेडफोन चढवून, आवाज शेवटापर्यंत नेऊन बसलेला. त्याच्या हेडफोनमधलं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

त्याच्या रचनेत वाजवणारं असं कोणी नसतं. सगळे आवाज आधीच गोळा केलेले असतात. या वेळी त्याने इमारतीची जुनी लिफ्ट धरली होती. तिच्या दाराची कुरकुर, दोराचा करकचता ताण, मजला आला की बसणारा दणका. हे सगळं ताणून, कापून, उलटं करून त्याने जोडलं होतं, आणि त्यात दोन वर्षं घातली होती. कार्यक्रमात रचनाकार श्रोत्यांच्या मधोमध बसतो आणि मिक्सरच्या पट्ट्या वरखाली करत हे आवाज चहूकडच्या स्पीकरांतून फिरवतो. मागून पुढे, डाव्या कोपऱ्यातून डोक्यावर. वाजवणं म्हणायचं तर तेवढंच. निवृत्तीआधीची ही त्याची शेवटची रचना होती, आणि ती चांगली होती. मी त्याची स्तुती करणारी नाही, तरी सांगते.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी त्याची तालीम चालू होती. मुंगी तिच्या यंत्रांची पेटी घेऊन दारातून आत आली आणि जागच्या जागी थांबली. पेटी खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी कान दाबले. मग भिंतीच्या कडेकडेने माझ्यापाशी आली.

“आत्या, ही शिट्टी कसली?”

“कसली शिट्टी?”

“वर. सारखी चालू आहे. डोकं फुटेल माझं.”

मी पन्नाशीला टेकलेली. मला शिट्टी अशी काही ऐकू येत नव्हती, दातात काहीतरी अडकल्यासारखं नुसतं वाटत होतं. पण माझ्यासमोरच्या पडद्यावर आवाजांचा आलेख चालू होता. लिफ्टचे आवाज खाली उसळत होते आणि पार वर, जिथे काहीच असायला नको, तिथे एक जाड रेघ सरळ पुढे सरकत होती. तिच्यावर तिची आणखी दोन पिल्लं. आवाज खणखणीत मोठा होता. दादा तिच्याखाली बसून शांतपणे पट्ट्या सरकवत होता, आणि लिफ्ट जिथे थांबते तिथे त्याने डोळे मिटून हात वर धरला. ती जागा त्याने शांततेसाठी ठेवली होती. पडद्यावर रेघ तशीच पुढे चालली होती.

कुठून आली हे शोधायला मला वेळ लागला नाही. रचना करायला घेतली त्याच सुमारास त्याच्या टेबलावर नवा दिवा आला होता, आणि त्या दिव्याचं स्वस्तातलं अडॅप्टर बारीक शिट्टी मारत होतं. लिफ्टचे आवाज तो त्याच टेबलावर वायरीने यंत्रात घ्यायचा, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये ती उतरली होती. पुढे जोडकामात थर वाढत गेले तशी तीही वाढत गेली. ज्याला ऐकू येतं त्याने पहिल्याच दिवशी दिवा बंद केला असता.

मला कळेना की वर्गातल्या पोरांनी हे कसं सहन केलं. ती तर विशीतली, त्यांना सगळं ऐकू येणार. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा बाहेर केबल गुंडाळत होता. त्याला सगळे बांबू म्हणायचे. मी त्याला बाजूला घेतलं.

“सरांच्या रचनेत वर एक सूर आहे ना?”

त्याचा चेहरा उजळला. “सरांचा सूर. आम्ही त्याला तेच म्हणतो.”

“त्रास नाही होत?”

“होतो ना. तेच तर. सर म्हणतात, रचनेत एक तरी गोष्ट अशी हवी की ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देणार नाही. बाकी सगळं हलतं, बदलतं, आणि तो हलत नाही. शांततेतसुद्धा चालू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उलटीच येत होती.” तो जरा लाजला. “आम्ही सगळ्यांनी आमच्या रचनांत वापरलाय. सरांना आवडलं बहुतेक. काहीच खोडलं नाही त्यांनी, स्वच्छ काम आहे म्हणाले.”

मी आत आले. हसावं की रडावं, ते कळत नव्हतं. दुसरा कुठलाही वर्ग असता तर पहिल्या दिवशी कोणीतरी हात वर करून म्हणालं असतं की सर, काहीतरी वाजतंय. पण आमच्या पोरांना आम्ही शिकवलं होतं की खरखर, कचकच, कर्कश, सगळं संगीत असू शकतं, आणि सरांनी ठेवलंय म्हणजे विचार करूनच ठेवलंय. ती शहाणी पोरं होती. त्यांनी शहाणपणाने अर्थ लावला.

मुंगी मागच्या पायऱ्यांवर बसली होती. मी तिला बांबूचं सांगितलं. ती हसली नाही.

“बाबांना अजिबात ऐकू येत नाहीये का ते?”

“नसणार.”

“मग सांग ना त्यांना.”

“तू सांग. मुलगी आहेस.”

“मी सांगितलं तर ते म्हणतील, डीजेला काय कळतंय. आणि तसं न म्हणता त्यांना खरंच पटलं, तर मग मी काय करू?” तिने कानातले बोळे काढून मुठीत धरले. “कान, एवढंच एक होतं त्यांचं माझ्यापेक्षा भारी. मला ते जिंकायचं नव्हतं गं.”

निरोप पोचवायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. मी दोन कप चहा घेऊन दादाच्या खोलीत गेले. तो खुशीत होता. खुशीत असला की तो पेन्सिलीने टेबल वाजवतो, तसा वाजवत होता.

“दादा, कानाच्या डॉक्टरकडे कधी गेला होतास?”

“का, तुला ऐकू येईनासं झालं?”

“आपली वयं झाली म्हणून विचारलं.”

“तुझं झालं असेल.” त्याने चहाचा घोट घेतला. “गुडघे गेले. दात अर्धे गेले. केसांचं तर विचारूच नकोस. कान आहेत म्हणून मी आहे, नाहीतर घरी बसून भिंती मोजायच्या. ती शेवटची शांतता ऐकलीस? एवढी स्वच्छ शांतता मला आजवर कधी साधली नव्हती.”

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या वेळी एकच शब्द निघाला. मी म्हटलं, ऐकली. आणि रिकामे कप घेऊन बाहेर आले.

मग मी आणि मुंगीने जे केलं, ते चूक की बरोबर, याचा निवाडा कोणी करायचा तो करो. दादाच्या मिक्सरमधून निघालेला आवाज माझ्या टेबलावरून स्पीकरांकडे जात होता. मध्ये मी फिल्टर घातला, म्हणजे ठरावीक उंचीच्या वरचं सगळं छाटून टाकणारी चाळण. एकटी शिट्टी असती तर तेवढीच उपटली असती, पण तिची पिल्लं होती. दुपारच्या तालमीत दादा बसला, रचना सुरू झाली, आणि मी बटण हळूहळू फिरवत रेघ पुसली. मुंगीने श्वास सोडला. दादाच्या मानेची हालचालही बदलली नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला जाणून घ्यायचं होतं. मी बटण आणखी थोडं फिरवलं. दाराच्या कुरकुरीतली धार गेली. दादा तल्लीन. आणखी फिरवलं. पत्र्याचा चरचराट गेला, दोराचा करकर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा झाला. माणसाच्या बोलण्यातला ‘स’ आणि ‘श’ जिथे राहतात तिथवर मी खाली आले, आणि दादा मान डोलवत होता. मुंगीने माझं मनगट धरलं.

“बस कर, आत्या.”

तेव्हा मला एकेक गोष्ट उलगडत गेली. फोनवर तो हल्ली बोलायचाच नाही, समोर ये म्हणायचा. बोलताना तोंडाकडे बघत राहायचा. मला वाटायचं म्हातारपणी प्रेमळ झालाय. त्याचं अर्धं जग केव्हाच निघून गेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यालाच तो पूर्ण समजत होता. मी बटण परत वर नेलं, फक्त शिट्टी जाईल इथवर, आणि त्यावर चिकटपट्टी लावली, कोणी हलवू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीची कार्यशाळा होती. पोरं खिडक्यांत चढून बसली होती. हेडफोन एका कानाला लावून, दुसरा कान उघडा ठेवून, चालू गाण्याचा ठोका आणि पुढच्या गाण्याचा ठोका बोटाने ढकलत जुळवायचा कसा, हे ती शिकवत होती. एक कान आत्ताकडे आणि एक पुढे काय येणार त्याकडे, असं ती सांगत होती. दादा दारावरून गेला, थांबला, आत डोकावला. मुंगीने पाहिलं आणि तिचा हात चुकला, दोन ठोके एकमेकांवर आदळले. दादा पुढे निघून गेला.

त्याचा कार्यक्रम दुपारी झाला. पुढच्या रांगेत पाहुणे, विभागप्रमुख बाई, बाहेरून आलेले दोन वयस्क रचनाकार; मागे वर्ग. रचना नीट झाली. नीट म्हणजे फारच सुरेख. लिफ्ट हॉलभर चढली, उतरली, आणि शेवटी थांबली तेव्हा खरोखरची शांतता पडली. पहिल्यांदाच. दादाचा हात वर होता. हे एवढं झालं की आपण सुटलो, असं मला वाटलं. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या.

पाहुणे चहाला उठले आणि वर्गातली पोरं दादाभोवती जमली. मी वायर सोडवायच्या निमित्ताने जवळच होते.

“सर, तो सूर का काढलात?” बांबूने विचारलं.

“कुठला सूर?”

पोरं हसली. त्यांना वाटलं, सर मस्करी करतायत.

“तुमचा सूर, सर. आम्ही शेवटपर्यंत वाट बघत होतो.” ही एक मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार. “पाहुण्यांसाठी काढला असेल तर बरोबर नाही. आम्ही नाही काढणार आमच्यातून.”

दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. मग तोही हसला, त्यांच्या बरोबरीने, थोडा उशिरा. म्हणाला, कधीकधी काढून बघावं. पोरं पुढच्या तयारीला पळाली, कारण यानंतर त्यांच्याच रचना होत्या, आणि त्यांनी मिक्सर स्टेजवर मांडून घेतला होता. दादाने वळून माझ्याकडे पाहिलं.

“कुठला सूर?”

“नंतर बोलू.”

“आत्ता.”

मी सांगितलं. दिव्यापासून चिकटपट्टीपर्यंत सगळं. तो चिडेल, मला धारेवर धरेल, अशी माझी तयारी होती, आणि चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. हॉलचं दार लावायला सांगितलं आणि मुंगीला बोलाव म्हणाला.

मुंगी आली. त्याने तिला आपल्यासमोर उभं केलं, दोन हातांवर.

“कान झाकू नकोस. मला तुझा चेहरा बघू दे.”

मी चिकटपट्टी काढली आणि रचना पहिल्यापासून सुरू केली. मुंगीच्या डाव्या डोळ्याची कड आवळली.

“आता आहे?”

“आहे.”

“कुरकुरीवर?”

“सगळ्यावर, बाबा.”

त्याने मला खालचं सगळं छाटायला सांगितलं, लिफ्ट काढून नुसतं वरचं ठेवायला. मी नको म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं. मी केलं. दणके गेले, कुरकुर गेली. त्याच्यासाठी हॉल पूर्ण शांत झाला असणार, कारण तो मान तिरपी करून, डोळे बारीक करून, समोर शोधत राहिला. मुंगीच्या कपाळाची शीर उभी राहिली होती, पण तिचे हात खालीच होते.

“आता तर काहीच वाजत नाहीये,” तो म्हणाला.

“वाजतंय, बाबा.”

तो लेकीच्या चेहऱ्याकडे बघत बसला. इतका वेळ त्याने तिच्याकडे कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी मीच आवाज बंद केला. मुंगीचा चेहरा सैल पडला आणि त्यावरून त्याला कळलं की संपलं.

“पोरांच्या रचनांत?” त्याने विचारलं.

मी काढलेल्या चिकटपट्टीची गोळी करत राहिले.

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या.”

“आणि मी काय म्हणालो त्यांना?”

“स्वच्छ काम आहे म्हणालास.”

बाहेर पाहुणे परत यायला लागले होते, दाराशी बोलणी ऐकू येत होती, निदान आम्हा दोघींना येत होती. मी म्हटलं, पोरांना सांगू या का, अजून वेळ आहे, मी त्यांच्यावरही फिल्टर घालते. दादा नाही म्हणाला. स्टेजवर जायच्या तोंडावर त्यांना काय सांगणार, की तुम्ही ज्याला माझा विचार समजलात तो टेबलावरचा दिवा होता? आणि फिल्टर घातला तर त्यांना कळणार, कारण त्यांना ऐकू येतं.

“संध्याकाळी तुझं आहे ना,” तो मुंगीला म्हणाला. “मी येतो ऐकायला.”

ती किती वर्षं या वाक्याची वाट बघत होती हे मला माहीत आहे. तिने मान हलवली.

“या. खालचा ठोका जोरात असतो. तो येईल तुम्हाला.”

दार उघडलं. पोरांनी पहिल्या रांगेत मधोमध सरांची खुर्ची राखली होती. दादा तिथपर्यंत गेला, आणि बसण्याआधी त्याने खुर्ची उचलून उलटी फिरवली. स्टेजकडे पाठ आणि श्रोत्यांकडे तोंड करून तो बसला. बाईंनी भुवया उंचावल्या. मग पोरांचं कौतुक लोकांच्या चेहऱ्यावर बघायचं असेल, असं काहीसं त्या शेजारच्या पाहुण्याला म्हणाल्या. मुंगी दुसऱ्या रांगेत, त्याला नीट दिसेल अशी बसली.

पहिली रचना बांबूची होती. पुढचे वयस्क लोक आरामात मागे रेलून बसले होते. मागच्या रांगांत हळूहळू कपाळांना आठ्या पडल्या, कोणी जबडा आवळला, कोणी खांदे वर घेतले. दादा एकेक चेहरा बघत होता. सूर लागला हे त्याला त्यांच्यावरून कळलं, आणि त्याने सावकाश मान डोलवायला सुरुवात केली, आवडलेल्या गोष्टीला डोलवतो तशी. बांबूने स्टेजवरून ते पाहिलं आणि आवाज आणखी वाढवला.